हाताशी वीस मिनिटं

१

सकाळी अंघोळ झाली की लोक देवापुढं उभे राहतात, मी लॅपटॉपपुढं बसते आणि रात्रीतून काय काय मोडलं ते बघते. जालन्यात राहून वेबसाइटी करायच्या म्हणजे असंच. बियाण्यांच्या कंपनीचे फोटो दिसत नाहीत, सळईच्या कारखान्याचं लॉगिन अडकलंय, मोसंबीवाल्याची एकच ऑर्डर दोनदा गेलीय. प्रत्येकाचं काम अर्जंट, आणि प्रत्येकाला वाटतं बिघाड मीच मुद्दाम केला. फोनवर मी गोड बोलते आणि फोन ठेवला की चिडते.

एका साइटवर मात्र मी कधी चिडले नाही. ती कुणा गिऱ्हाइकानं करून घेतली नव्हती, तिला नावही नव्हतं. उघडली की एकच फोटो दिसायचा. परतूरच्या घरातली मधली खोली, खिडकीपाशी खाट, खाटेवर रजनीकाकू, शेजारी लाकडी खुर्ची, आणि दाराजवळच्या खुंटीला काकूची चॉकलेटी पर्स. खोलीत वामनकाकांचा जुना कॉम्प्युटर होता, त्याला मी कॅमेरा लावून दिला होता. दर थोड्या वेळानं तो एक फोटो काढायचा आणि क्लाऊडमध्ये ठेवायचा. तिथून तो माझ्या पानावर यायचा.

"म्हंजे तुझी काकू आभाळात दिसणार म्हण की," काका म्हणाले होते.

"आभाळात नाही हो, क्लाऊडमध्ये."

"मंग तेच की."

काकू दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर दोघांनी धरल्याशिवाय तिला उभं राहता येईना. त्यातच मन विस्कटत गेलं. माणसं विसरली, नावं विसरली. गाडी मात्र विसरली नाही. जालन्याच्या शाळेत तिनं सगळी नोकरी परतूरहून अपडाऊन करून काढली होती, सकाळच्या पॅसेंजरनं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. आता खाटेवर पडल्या पडल्या ती दिवसातून कितीदा तरी विचारायची, "गाडी आली का हो?" आणि काका न कंटाळता सांगायचे, "न्हाई, वेळ हाय अजून."

कॅमेरा काकांनीच मागितला होता. त्यांना मूलबाळ नाही. मी पुतणी, आईबाबा अंबडला, आठवीपासून काकूजवळ राहून तिच्याच शाळेत शिकलेली. म्हणजे मुलगीच, असं काकू कुणालाही सांगायची.

"मला भाजी आणायला जायची धास्ती वाटती, मधू," काका म्हणाले होते. "नोकरी होती तवर रोज लुनावर तिला स्टेशनावर सोडलं. गाडी हलल्याबिगर मी कधी माघारी फिरलो न्हाई. आता शेवटचं सोडायचं आन् मी कुठं मेथीची जुडी निवडत उभा असलो तर? तसं नको व्हायला. तू बघत जा. काही वाटलं की जल्दी फोन कर."

तेवढंच त्या साइटचं काम होतं.

२

एका सकाळी फोटो अडकला. आदल्या दिवसाचाच दिसत राहिला.

ज्या तयार सांगाड्यावर मी साइटी उभ्या करते, त्या फ्रेमवर्कला मी आधी शिव्या दिल्या. त्याची नवी आवृत्ती मी दोनच दिवसांपूर्वी टाकली होती, आणि नव्या आवृत्तीत काही मोडलं नाही असं होत नाही. तिथं काही सापडेना. मग क्लाऊडच्या परवानग्या बघितल्या, किल्ली बदलली, पत्ता तपासला. अर्धा दिवस गेला. दुपारी कुठं मी डोकं शांत करून एररची ओळ नीट वाचली. ती इंग्रजीत असते, आपल्या भाषेत सांगायची तर अशी: तुमच्या वेळेत आणि आमच्या वेळेत फार अंतर आहे.

भानगड साधी असते. क्लाऊडमध्ये काही ठेवायचं तर प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का लागतो. पंधरा मिनिटं इकडंतिकडं झाली तर क्लाऊड चालवून घेतो. त्याच्या वर गेलं की दार लावून घेतो.

मी काकांना फोन लावला. "काका, कॉम्प्युटरच्या घड्याळाला हात लावला का तुम्ही?"

"लावला की. चुकीचं होतं ते."

"चुकीचं नव्हतं, बराबर होतं."

"तुझ्या काकूला चुकीचं वाटत होतं ना पण. भितीवर एक आन् ह्या डब्यात दुसरंच. सारखी इकडून तिकडं बघून राह्यली, घाबरी झाली. मंग केलं दोन्ही सारखं."

मी कपाळावर हात मारला. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, मी तर काकूच्या घड्याळात वाढले. गाडी-एसटी चुकू नये म्हणून आमच्याकडं कितीतरी घरांत घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढं असतं. काकूच्या घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढं होती. ठोक्यांचं भिंतीवरचं, गजराचं, काकांच्या मनगटावरचंसुद्धा. वीस मिनिटं पुढं आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि तरी सगळे त्यावरच चालायचे. आम्ही स्टेशनावर पोचायचो तेव्हा तिकिटाची खिडकीही उघडलेली नसायची. काकू बाकावर बसून वह्या तपासायची, काका लुना लावून शेजारी उभे.

"हाताशी वीस मिनिटं असावीत," ती म्हणायची. "माणसानं धापा टाकत जाऊ नये."

"पण तू ती कधी वापरतच नाहीस."

"वापरायची नसतात ग. राखायची असतात."

काकांना घड्याळ मागं करा म्हणायचा मला धीर झाला नाही. मी प्रोग्रामलाच दोन ओळी शिकवल्या: घरातल्या घड्याळाकडं बघायचं नाही, वेळ क्लाऊडला विचारायची आणि तीच लावायची. लगेच फोटो आला. काकू झोपली होती, काका खुर्चीत पेपर वाचत होते. असले जुगाड आम्ही रोजच करतो.

३

पुढं आठवडाभरातलीच गोष्ट. दुपारी मी काकांना फोन केला, समोर फोटो उघडा होता. काकू उशीला टेकून बसली होती, हातात कप. काका खुर्चीत बशीतला चहा फुंकत होते.

"चालू द्या चहा निवांत," मी म्हटलं.

"कुठला चहा? आत्ता तर दूध तापवून राह्यलो. चारचे ठोके पडल्याबिगर ती कप हातात धरत न्हाई, तुला म्हाईत न्हाई का?"

आणि तेवढ्यात फोनमधून ठोके ऐकू आले. त्या घड्याळाचा ठोका जरा बसका आहे, लहानपणापासून ओळखीचा. चारही पडेपर्यंत काका थांबले. मग म्हणाले, "घे. आता टाकतो चहा."

मी पान परत उघडलं. नव्या फोटोत दोन्ही कप रिकामे होऊन खिडकीत ठेवलेले होते.

ह्या धंद्यात पहिला संशय नेहमी शिळ्या फोटोवर असतो. ब्राउझर जुनं काहीतरी धरून ठेवतो आणि नवं म्हणून दाखवतो. कालचा चहा असेल म्हणून मी ब्राउझरचा साठा पुसून टाकला आणि बियाणेवाल्यांच्या कामाला लागले. काकूच्या अंगावर निळी साडी होती. काल तिनं हिरवी नेसली होती, हे मला आठवत होतं. पण तो विचार मी झाकून ठेवला.

४

झाकलेलं फार दिवस झाकून राहिलं नाही. एका सकाळी फोटोत खाटेखाली कपाच्या काचा दिसल्या. उषाबाई, काकूला अंघोळ घालायला येणाऱ्या, वाकून त्या झाडत होत्या. काकूचा हात खाटेच्या बाहेर लोंबत होता. मी घाईनं फोन लावला.

"काका, लागलं का तिला?"

"कुणाला?"

"काकूला. कप फुटला ना?"

"काही फुटलं न्हाई. उषाबाई पण आल्या न्हाईत अजून. मधू, तुझी झोप होती का नीट?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला, मग फळीवरचे सगळे डबे पुसले. आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, हे बघायला मला दुसरं काही सुचलं नाही. डबे पुसून होतात तोच काकांचा फोन आला. आवाज खाली आलेला.

"मधू, कप फुटला आत्ता. तिच्या हातून सुटला. तुला कसं ग कळलं?"

त्यांच्या मागून झाडूचा आवाज येत होता, आणि फरशीवरून काचा सरकल्याचा. तो आवाज मी चित्रासकट आधीच पाहिलेला होता.

"अंदाज," मी म्हटलं.

"असा कसा अंदाज?"

मी फोन ठेवल्यावर क्लाऊडची नोंद काढून बघितली. फोटो कधी आला हे क्लाऊड स्वतःच्या घड्याळानं लिहितो, तिथं आपलं काही चालत नाही. फोटो आला तेव्हा कप शाबूत होता, तो फुटला त्यानंतर वीसेक मिनिटांनी.

५

बिघाड शोधायची एक रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. घाबरलेल्या माणसाला ही रीत फार आधार देते, कारण हात कामाला लागतात.

मी इथूनच काकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. माझ्या दोन ओळी काढल्या आणि घड्याळ बरोबर लावलं. काकांना मोबाइलमधली वेळ विचारली, माझी बघितली, क्लाऊडची बघितली. सगळ्या एकसारख्या. आता तक्रारीला जागाच नव्हती.

फोटो नाकारला गेला. तुमच्या वेळेत आणि आमच्या वेळेत फार अंतर आहे.

मी ती ओळ वाचत बसले. घड्याळ तर बरोबर होतं. मग अंतर कुणाच्या वेळेत होतं?

"काका, एक काम करा. तो डबा आणि कॅमेरा उचलून पुढच्या खोलीत न्या."

"आता काय करून राह्यलीस तू?"

"न्या तर खरं."

काका कुरकुरत घेऊन गेले. जरा वेळानं फोटो आला, बिनतक्रार. पुढची खोली, सायकलीचं चाक, आणि कॅमेऱ्यात डोकावणारा काकांचा भला मोठा चेहरा, भुवया वर चढवलेल्या. मला हसू आलं. तेवढ्यात फोनवर काका म्हणाले, "मी आत्ता वाकून बघून राह्यलो बघ ह्याच्यात." फोटो आणि काका एकाच वेळेत होते.

"आता परत आत न्या."

आत नेल्यावर परत तीच ओळ.

म्हणजे कॉम्प्युटर चांगला होता, कॅमेरा चांगला होता, तार चांगली होती, क्लाऊड चांगला होता. मधल्या खोलीत काय वेगळं होतं? खाट होती आणि काकू होती.

"सापडला का दोष?" काकांनी विचारलं.

"वायरिंगचं काहीतरी असेल."

"दोष म्हणू नको पण त्या खोलीला," ते म्हणाले. "मलापण तिथं बसलं की येळ पुढं पळाल्यागत वाटती. म्हातारपण असंल."

मी दोन ओळी परत टाकल्या आणि काकांनी डब्याचं घड्याळ परत भिंतीवरच्यासारखं करून ठेवलं. न टाकून काय करणार होते? बघणं बंद केलं असतं तर काकांना भाजीलाही जाता आलं नसतं. पण त्यानंतर ते पान उघडताना माझा हात जड व्हायला लागला. काकूची भीती नव्हती वाटत. ज्या बाईनं माझ्या वेण्या घातल्या तिची कसली भीती? मी आधी खुर्ची बघायची. खुर्चीत काका असले की मग बाकीचं बघायची.

६

नोव्हेंबर आला. पेन्शन घेणाऱ्याला ह्या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. काकूला बँकेत नेणं शक्य नव्हतं.

"बँकेत जाऊन येतो," सकाळी काकांनी फोन केला. "तिथला माणूस घरी येऊन तिला बघून जाईल म्हणले, त्याला संगं घेऊनच येतो. उषाबाई हायेत घरी. तू ध्यान ठेव."

मी कारखान्याचं काम बाजूला सारून पान उघडून बसले. पहिले दोन फोटो नेहमीचे होते. काकू जागी होती, छताकडं बघत होती. खुर्ची रिकामी होती, पण ती असणारच होती.

तिसरा फोटो आला.

काकू सरळ झोपलेली होती. पदर खांद्यावर नीट पिन लावून घेतलेला, शाळेत जाताना लावायची तसा. डोळे मिटलेले. खुंटीवर पर्स नव्हती. आणि दारात, फोटोच्या अगदी कडेला, बाहेर पडणाऱ्या कुणाचा तरी अर्धा भाग आला होता. साडीचा काठ, उचललेल्या पावलाची टाच आणि कमरेशी लोंबणारा चॉकलेटी पट्टा. साडी खाटेवरच्या काकूच्या अंगावर होती तीच होती.

मी फोटो मोठा केला. मोठा केला तसे नुसते रंगाचे चौकोन उरले.

खुर्ची रिकामी होती.

त्या क्षणी मला दारातल्या काठाची भीती वाटली नाही, हे मी खरं सांगते. ती एकटी निघाली होती. सोडायला कुणी नव्हतं. मी काकांना फोन लावला.

काकांनी पहिला फोन उचलला नाही. दुसरा उचलला. मागं टोकनचा नंबर पुकारत होते.

"काका, घरी जा."

"अग आत्ताच नंबर लागलाय माझा. साहेब बॅग घेऊन राह्यलेत यायला."

"नंबर राहू द्या. काका, काकूला सोडायला जायचंय ना तुम्हाला?"

फोनमध्ये टोकनचा पुढचा नंबर पुकारला गेला, त्याच्याही पुढचा.

"वेळ झाली का?" त्यांनी विचारलं. का, कसं, तुला काय दिसलं, असलं काहीही विचारलं नाही.

"तिच्या घड्याळानं झालीय. आपल्या घड्याळानं हाय अजून. हाताशी वीस मिनिटं हायेत, काका. तिनंच राखून ठेवलेली. लुना जोरात हाकू नका, नुसते निघा."

फोन बंद झाला.

मी उठले नाही, पाणी प्याले नाही. परतूरचा रस्ता डोळ्यांपुढं आणत राहिले. बँक, मोंढ्याचा कोपरा, रेल्वेचं फाटक. फाटक पडलेलं असलं तर? देवा, आज फाटक पडू देऊ नको, एवढंच मी म्हणत होते.

चौथा फोटो आला.

खुर्चीत काका होते. चपलाही काढलेल्या नव्हत्या. त्यांनी काकूचा हात दोन्ही हातांत धरला होता. काकूचे डोळे उघडे होते आणि ती त्यांच्याकडं बघत होती, ओळखीनं. पर्स खुंटीवर होती. दारात कुणी नव्हतं.

काका ह्या वेळी अजून रस्त्यावर असणार, फाटकाच्या अलीकडं नाहीतर पलीकडं. ते पोचणार आहेत हे त्यांच्या आधी मला कळलं होतं. मी टेबलावर डोकं टेकून रडले. मग लॅपटॉप मिटला, कारण पुढचा फोटो त्या दोघांचा होता.

७

मी पोचले तेव्हा शेजारपाजार जमला होता. बँकेचे साहेब अंगणात एका बाजूला उभे होते, बॅग छातीशी धरून. कुठं बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

काका मला पुढच्या खोलीत घेऊन गेले.

"मी आलो तव्हा जागी होती," ते म्हणाले. "म्हणली, आलात? मला वाटलं, आज एकटीलाच जावं लागतं. मी म्हणलं, असं कसं होईल. हात धरला तिचा. मंग बसलो दोघं, बाकावर बसायचो तसं. बऱ्याच येळानं म्हणली, पर्स द्या. दिली. तिनं पोटाशी धरली आन् डोळे मिटले." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "बिलकुल घाई न्हाई केली ग तिनं. धापा टाकत न्हाई गेली."

तेराव्यानंतर काका स्टुलावर चढले आणि त्यांनी घरातली सगळी घड्याळं मागं केली. मी स्टूल धरून उभी होते.

"राहू द्यायची होती," मी म्हटलं.

"आता कुणाची गाडी हाय?" काका म्हणाले.

मी कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर लावलं आणि माझ्या दोन ओळी काढून टाकल्या. फोटो सरळ जायला लागले, काही अडलं नाही. मी कॅमेरा काढायला गेले तर काकांनी हात धरला. "असू दे. आता मी एकटाच हाय. माझ्यावर ध्यान ठेव."

तो तिसरा फोटो मी नंतर शोधला. क्लाऊडमध्ये दुसरा आहे, चौथा आहे. मधे काही नाही. पुसल्याचीही नोंद नाही.

काका खुर्ची सोडून खाटेवर झोपायला लागले. दिवसा ते खाटेवर बसून पेपर वाचायचे आणि खुर्ची शेजारी रिकामी असायची. चारला चहा, म्हणजे खरोखरच्या चारला. फोनवर ठोके ऐकू यायचे तेव्हा माझ्याही घड्याळात चारच वाजलेले असायचे. घर वेळेवर आलं होतं. मला ते बघवायचं नाही, पण मी रोज बघायची.

८

आज सकाळी अंघोळ करून मी लॅपटॉपपुढं बसले. बियाणेवाल्यांचं ठीक होतं, मोसंबीवाल्याचंही ठीक. परतूरचा फोटो कालचाच होता.

मी एररची ओळ उघडली. तुमच्या वेळेत आणि आमच्या वेळेत फार अंतर आहे.

फ्रेमवर्कला मी हात लावलेला नाही. परवानग्या तशाच आहेत. मी काकांना फोन लावला.

"काका, कॉम्प्युटरच्या घड्याळाला हात लावला का?"

"न्हाई ग. कशाला लावू?"

"भिंतीवर किती वाजले?"

त्यांनी सांगितलं. माझ्या मोबाइलमध्ये तेवढेच वाजले होते.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? जरा अंग जड हाय, थंडीचं असंल. पडलोय खाटेवर."

त्या दोन ओळी परत टाकायला मला मिनिटही लागणार नाही. टाकल्या की फोटो येईल आणि पुढचं दिसेल. पंधरा मिनिटांच्या वर अंतर आहे एवढं ह्या एररवरून कळतं. किती वर, ते बघितल्याशिवाय कळत नाही. मी दोन्ही ओळी लिहिल्या, त्यांच्याकडं बघितलं आणि पुसून टाकल्या. त्या खुर्चीत कोण आहे हे मला इथं बसून बघायचं नव्हतं. त्या खुर्चीत मी असायला पाहिजे होते.

"काका, मी येऊन राह्यले. चहा माझ्या हातचा घ्या आज."

"आज मधीच? काम न्हाई का तुला?"

"हाय की. तिकडंच हाय."

"ये मंग," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "वाट बघतो. गाडी दमानं चालव."

मी चावी घेतली. दार ओढताना माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. ते मिनिटालाही पुढं नव्हतं. इतकी वर्षं काकूजवळ राहून मी माझं घड्याळ कधी पुढं करून ठेवलं नाही. आम्ही संगणकवाले, आमची वेळ आपोआप बरोबर होते, ह्याचा मला अभिमान होता.

माणसानं धापा टाकत जाऊ नये, काकू म्हणायची. मी जिना पळतच उतरले.